डिस्क रिकामी, तरी बॅकअप का अडतो?

लग्नसराई उलगत आली की जळगाव-भुसावळच्या फोटो स्टुडिओंत ही तक्रार हमखास ऐकू येते. दोन टीबीची नवी हार्ड डिस्क, जेमतेम पाव भरलेली, तरी बॅकअप मध्येच 'जागा अपुरी' म्हणत बंद पडतो. मग डिस्क विकणाऱ्याशी वाद. बहुतेक वेळा त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नसतो.

बॅकअपची बरीच सॉफ्टवेअर डेटा थेट बाहेर लिहीत नाहीत. आधी तो दाबून सी ड्राइव्हवरच्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ठेवतात, मग पुढे धाडतात. क्लाउडचंही तसंच, फाइल चढेपर्यंत कॅशमध्ये, म्हणजे तुमच्याच संगणकात पडून असते. सावद्याला रेल्वेचे डबे रिकामे उभे आहेत, पण पॅकिंगच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही, तर केळी चढणार कशी? त्यात विंडोज चालू फाइलींची 'शॅडो कॉपी', म्हणजे त्या क्षणाची स्थिती, धरून ठेवते, आणि तिचीही जागा सहसा मूळ ड्राइव्हवरच जाते.

बॅकअप लावा आणि सी ड्राइव्हची मोकळी जागा बघत बसा. 40 जीबी, 22, 9, आणि मग एरर, असं दिसलं की चोर सापडला. टेम्प किंवा कॅशची जागा सेटिंगमधून मोठ्या ड्राइव्हवर हलवायची. नुसत्या जुन्या फाइली उडवल्या तर पुढच्या लग्नाला पुन्हा तेच.

पेन ड्राइव्हची गोष्ट वेगळी. तो फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, तर फाइलचा आकार नोंदवायला 32 बिटच मिळतात. त्यामुळे 4 जीबीची एकसंध फाइल त्यात बसत नाही, मग बाकी ड्राइव्ह रिकामा का असेना. एक्सफॅटने फॉरमॅट केल्यावर अडचण सुटते. अर्थात आतलं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी ते बाहेर काढा.

कॅशचा आणखी एक खेळ आहे. डिस्कला 'बेटर परफॉर्मन्स' सेटिंग असेल, तर कॉपीची पट्टी शंभर टक्के झाली तरी शेवटचा भाग अजून रॅममध्येच असू शकतो. तेवढ्यात केबल उपटली किंवा लाइट गेली की तो भाग गेलाच. आपल्याकडे मे महिन्यात लाइटचा भरवसा कोण देणार? यूपीएस लावा, डिस्क 'सेफली रिमूव्ह' करूनच काढा. मग ती पुन्हा जोडून एखादा व्हिडिओ तिच्यावरूनच शेवटाकडे सरकवून चालवा; अर्धवट उतरलेली फाइल बहुधा तिथंच अडकते.