बाधित मूल लपवणारे आईबाप (झॉम्बी कथांमधला प्रसंग)

झॉम्बी म्हणजे मेल्यावर उठून माणसं खाणारी मढी, त्यांचा चावा बसला की माणूसही तसाच होतो. झॉम्बीच्या गोष्टींमध्ये हा प्रसंग परत परत येतो. पोटच्या पोराला चावा बसलेला असतो, सगळ्यांना माहिती असतं की हे पोर थोड्या वेळाने उठून आपल्यालाच खाणार, आणि तरी आई नाहीतर बाप त्याला कुणाच्या हाती द्यायला तयार होत नाही. लपवतात, खोलीत कोंडतात, कपाळावर हात ठेवून उशाशी बसून राहतात.

सिनेमात हा प्रसंग ठसला तो १९६८ च्या जॉर्ज रोमेरोच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' मुळे. त्यात कूपर नवरा-बायको चावा बसलेल्या कॅरनला घेऊन एका शेतघराच्या तळघरात लपलेत. बाप सारखा भांडतोय की सगळ्यांनी खालीच यायचं, लोक त्याला भित्रा आणि हेकट म्हणून मोकळे होतात, पण नीट बघा, खाली त्याची मुलगी तापाने फणफणलीये. शेवटी गोळी लागलेला बाप धडपडत तिच्यापर्यंत जातो आणि तिथेच मरतो, मग आई खाली येते तर पोरगी त्याला खातेय. आई मागे सरकते, ओरडते, पण पोरीवर हात काही उगारत नाही, आणि मुलगी तिला थापीने भोसकते. भिंतीला गिलावा करायची साधी थापी, पण ती डोळ्यासमोरून जात नाही.

खरं तर सगळी गोष्ट चावा आणि बदल यांच्या मधल्या वेळात असते, तो वेळ किती यावर सगळं ठरतं. रोमेरोकडे तो काही तासांचा. २०१५ च्या 'मॅगी' मध्ये काही आठवड्यांचा, आणि म्हणून तिथे मारामारी जवळजवळ नाहीच, नुसतं वाट बघणं आहे. शेतकरी बाप (अरनॉल्ड श्वार्झनेगर) मुलीला हॉस्पिटलमधून घरी आणतो, धाकट्या मुलांना नातेवाइकांकडे पाठवतात. झोक्यावरून पडून मॅगीचं बोट मोडतं, दुखत काहीच नाही, काळं पाणी येतं, आणि ती किचनमध्ये जाऊन ते बोट स्वतःच कापून टाकते. बाप बंदूक जवळ घेऊन बसतो पण चालवत नाही.

'द वॉकिंग डेड' या मालिकेत गव्हर्नर म्हणवणारा एका गावाचा म्होरक्या मरून झॉम्बी झालेल्या आपल्या मुलीला, पेनीला, साखळीने बांधून ठेवतो आणि तिचे केस विंचरतो, विंचरता विंचरता केसांबरोबर कातडी निघून येते. इथे मधला वेळ कधीच संपलाय, बाप तो संपला असं मान्य करत नाही.

आपल्याकडे २०२२ ला 'झोंबिवली' आला आणि झॉम्बी डोंबिवलीत पोचले, पण मला या विषयात आठवतो तो १८९७ चा पुण्यातला प्लेग. रँडच्या प्लेग कमिटीचे गोरे सोल्जर घरात घुसून रोगी शोधायचे, आणि घरचे आजारी माणसाला लपवून ठेवायचे, कारण एकदा छावणीत नेलं की परत येईल याचा भरवसा नव्हता. त्याच साथीत मुंढव्याच्या एका प्लेग झालेल्या मुलाला, म्हणजे दुसऱ्याच्याच पोराला, सावित्रीबाई फुल्यांनी पाठीवर घेऊन आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं, आणि त्यातच त्यांनाही लागण होऊन १० मार्चला त्या गेल्या.

अलीकडे कोरियाने हा प्रसंग वेगळ्या बाजूने नेलाय. २०२५ च्या 'माय डॉटर इज अ झॉम्बी' मध्ये वाघांना शिकवणारा बाप झॉम्बी झालेल्या मुलीला गावी आजीकडे नेतो आणि तिलाही धीराने शिकवायला घेतो. आणि या आजीने पाठ खाजवायची काठी उगारली की नात गप्प बसते.