घरातली तिसरी बंदूक, आजोबांची बंदूक, युआयएन नसलेला परवाना : आता नेमकं काय करायचं

आपल्या मराठवाड्यात अजून बऱ्याच घरांत बंदूक आहे, कुणाकडं देशमुखी पाटीलकीपासून चालत आलेली, कुणी शेतीच्या राखणीसाठी घेतलेली, कुणाच्या वडिलांनी व्यापारामुळं परवाना काढलेला. आणि सगळीकडं प्रश्न एकच येतो, नियम बदललेत म्हणतात, तर जमा करायची का गप्प बसायचं? माझं सरळ मत आहे की गप्प बसायचं नाही. बंदूक सरकारला द्यावी असं मी म्हणत नाहीये, ती तुमच्या नावावर कायदेशीर करायचा नाहीतर कायदेशीर विकायचा रस्ता आहे आणि तो रस्ता तुम्ही स्वतः पुढं होऊन गेलात तरच चांगला राहतो, धाड पडल्यावर तोच रस्ता बंद होतो.

आधी बदललं काय ते बघू. शस्त्र अधिनियम 1959 चा, त्याचे नवे नियम 2016 चे, आणि मोठी दुरुस्ती आली ती 2019 ची, 14 डिसेंबर 2019 पासून लागू. आधी एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता फक्त दोन. सुरवातीला बिलात एकच ठेवायचं होतं, विरोध झाला म्हणून दोन झालं. तिसरं ज्याच्याकडं होतं त्याला एक वर्ष दिलं होतं, म्हणजे डिसेंबर 2020 पर्यंत पोलीस ठाण्यात नाहीतर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं जमा करा म्हणून, फौजेतल्या लोकांना त्यांच्या युनिटच्या शस्त्रागारात जमा करायची सोय होती. परवान्याची मुदत मात्र तीनची पाच वर्षं झाली, हा फायदा कुणी सांगत नाही. विनापरवाना बंदुकीची शिक्षा पण वाढली, आता कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आणि दंड. वरातीत हौसेनं बार काढणारांसाठी वेगळं कलम आलंय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि परवाना असला म्हणून यातून सुटका नाही.

दुसरी गोष्ट युआयएन. प्रत्येक परवानाधारकाला एक ओळख क्रमांक मिळतो, परवान्यांच्या देशपातळीवरच्या ऑनलाइन नोंदीत तुमचं नाव आणि हत्यारं या नंबरखाली येतात. मुदती वाढत वाढत शेवटी 2020 ला संपल्या, युआयएन नसलेला परवाना वैध धरत नाहीत. म्हणजे जुनं पुस्तक, त्यावर ओळीनं नूतनीकरणाचे शिक्के, सगळं व्यवस्थित आहे, पण नंबर नाही, तर तुमची बाजू लंगडीच. एकाच माणसाचे दोन परवाने असतील तर ते पण एकाच युआयएनखाली आणायचे आहेत. आज घरी गेल्यावर पहिलं काम हेच करा, परवान्याचं पुस्तक काढा, युआयएन आहे का बघा, आणि बंदुकीवर कोरलेला नंबर पुस्तकातल्या नंबराशी जुळवून बघा. नळीवर गंज चढलेला असतो, शेवटचा आकडा 3 आहे का 8 हे कळत नाही, मग खोबरेल तेलाच्या फडक्यानं पुसून उजेडात धरून वाचा (आधी आत काडतूस नाही याची खात्री करून). पुस्तकात एक आकडा चुकीचा चढलाय हे नूतनीकरणाच्या वेळी कळलं की फाईल तिथंच अडकते, आधी कळलं तर साध्या अर्जानं दुरुस्तीला टाकता येतं.

आता सगळ्यात जास्त घरांचा विषय, आजोबा किंवा वडील वारले आणि बंदूक घरातच आहे. लोकांना वाटतं परवाना आहे की घरात. परवाना त्या माणसाचा असतो, घराचा नसतो. ते गेले त्या दिवसापासून ती बंदूक तुमच्या हातात बेकायदेशीर व्हायला लागते, आणि कायद्याचं कलम 21 म्हणतं की विनाकारण उशीर न करता जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा. जमा केली म्हणजे गेली असं नाही, ही भीतीच लोकांना अडवते. वारसाला परवाना मिळाला की तो ती परत घेऊ शकतो, नाहीतर दुसऱ्या परवानाधारकाला विकू शकतो. मात्र ठरलेल्या मुदतीत काहीच हालचाल केली नाही तर सरकारजमा होऊ शकते, म्हणून जमा करून विसरून जायचं नाही.

जमा करताना पावती घ्याच, आणि पावतीवर बंदूक कोणत्या कंपनीची, बोर (नळीचं माप), नंबर, किती काडतुसं दिली आणि बंदुकीची अवस्था कशी होती हे लिहून घ्या. ठाणे अंमलदार कामात असला की घाईत नुसतं "एक बंदूक" लिहून देतो, तेवढ्यावर घरी यायचं नाही, नम्रपणे पण ठामपणे पूर्ण लिहून मागायचं. विक्रेत्याकडं ठेवली तर भाडं लागतं पण देखभाल बरी होते, ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्त-जमा वस्तू ठेवायच्या खोलीत, भाडं नाही पण गंजायची शक्यता जास्त. चांगल्या अवस्थेतली बारा बोर असेल तर मी म्हणेन विक्रेत्याकडंच ठेवा.

वारसाच्या अर्जाला मृत्यूचा दाखला, मूळ परवाना, बाकी वारसांचं ना हरकत शपथपत्र आणि तुमचे स्वतःचे सगळे कागद. आणि हे नीट वाचा, परवानाधारक जिवंत असतानाच वारसाकडं देता येतं, त्यांचं वय 70 झालं असेल किंवा ती बंदूक 25 वर्षं त्यांच्याकडं असेल तर, यातलं जे आधी होईल ते. वडील हयात आहेत, सही करू शकतात, भावंडांत भांडण नाही, तोवर करून टाका, नंतर बहिणीची सही, चुलत्याची सही यातच माणूस दमतो. वारसालाही मर्यादा दोनचीच, त्याच्याकडं आधीच दोन असतील तर एक सोडावीच लागेल.

नवीन परवान्याचं किंवा वारसाचं, अर्ज ऑनलाइन भरायचा, वैयक्तिक परवान्याला फॉर्म ए-1. वय 21 पूर्ण पाहिजे. आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, पांढऱ्या बॅकग्राउंडचे फोटो, शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट, आणि डॉक्टरचं एस-3 नमुन्यातलं सर्टिफिकेट ज्यात मानसिक आरोग्याचा पण उल्लेख लागतो, साधं फिटनेस चालत नाही. पिकाच्या राखणीसाठी मागत असाल तर सातबारा जोडा आणि रोही, रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे असतील तर ते पण. पण हे लक्षात ठेवा, राखणीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नाही, वन्यजीव कायदा 1972 चा वेगळा आहे आणि वनखात्याच्या परवानगीशिवाय जनावरावर गोळी झाडली तर बंदूक पण जाईल आणि केस वेगळी लागेल. स्वसंरक्षणासाठी मागत असाल तर धोका कसला ते कागदावर दिसलं पाहिजे, आधी दिलेल्या तक्रारी, रोकड घेऊन जायचा धंदा वगैरे, नुसतं "जिवाला धोका आहे" लिहून भागत नाही.

अर्ज जिल्ह्यात कलेक्टर ऑफिसला जातो, छत्रपती संभाजीनगर शहरात राहत असाल तर पोलीस आयुक्तालयात. मग फाईल ठाण्यात चौकशीला जाते, गुन्हे आहेत का, शेजारी काय म्हणतात, हत्यार कुठं ठेवणार हे बघतात. पोलीस रिपोर्टसाठी 30 दिवसांची मुदत आहे, लेखी स्मरणपत्र द्यायला लाजू नका. मारामारीच्या केसमध्ये शिक्षा झालेली असेल तर शिक्षा संपून पाच वर्षं होईपर्यंत मिळणार नाही. आणि नुसता गुन्हा दाखल असला तरी लपवू नका, ते चौकशीत निघतंच आणि खोटी माहिती दिल्याचा डाग वरून लागतो. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाल्यावर बीड जिल्ह्यात परवान्यांचा फेरआढावा झाला, गुन्हे दाखल असलेल्यांचे परवाने रद्द झाले, तेव्हापासून आपल्या भागात फाईल जास्तच बारकाईनं बघतात, आणि मला विचाराल तर बघायलाच पाहिजे, कमरेला पिस्तूल लावून लग्नात मिरवणारांमुळं खरी गरज असलेल्या शेतकऱ्याची फाईल मागं पडते.

तिसरं हत्यार अजून घरात असेल तर मुदत कधीच संपलीय, पण म्हणून आता गेलो तर अडकू असा विचार करून आणखी चार वर्षं ठेवणं त्याहून वाईट. वकिलामार्फत लेखी अर्ज करा, मूळ परवान्याची प्रत जोडा, जमा करा आणि पोच घ्या, स्वतःहून आलेला माणूस आणि झडतीत सापडलेला माणूस यांच्याकडं बघायची नजर वेगळी असते. दोनातली एखादी विकायची असेल तर घेणाऱ्याकडं परवाना पाहिजे, आणि कलेक्टर किंवा ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं, परस्पर व्यवहार अजिबात नको.

माळवदाच्या घरात तुळईला टांगलेली ठासणीची बंदूक, तिला परवाना लागतो का? चालू अवस्थेत असेल तर लागतो. जुन्या बनावटीची किंवा मोडकी, आणि दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशी असेल तर कायद्यातून सूट आहे, पण ती चालू शकत नाही हे तुम्ही म्हणून होत नाही, तपासून घेऊन कागद करून ठेवा. निजामाच्या काळातले उर्दूतले कागद असतील तर जपून ठेवा, वडिलोपार्जित असल्याचा तो पुरावा आहे, आजचा परवाना नाही.

नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान 60 दिवस आधी करा. निवडणुकीत हत्यार जमा करायची नोटीस आली तर जमा करा, सरसकट सगळ्यांना नसतं, छाननी समिती नावं ठरवते, आचारसंहिता उठली की परत मिळतं, पावती घेऊन तुम्हीच जायचं. आणि कलेक्टरनं अर्ज नाकारला किंवा परवाना रद्द केला तर आदेशाची कारणांसह प्रत मागा आणि 30 दिवसांच्या आत छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडं अपील टाका, आदेश हातात पडला ती तारीख पाकिटावर लगेच लिहून ठेवा.