वर्खाहून पातळ: चुंबकीय सेन्सरची पार्श्वभूमी

चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युतरोध किंवा विद्युतदाब बदलतो, त्यावरून ते क्षेत्र ओळखणे, हेच अशा चुंबकीय सेन्सरचे काम. लोखंड आणि निकेल यांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनुसार किंचित बदलतो, हे विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांना १८५६ च्या सुमारास आढळले होते. पातळपणाचे महत्त्व मात्र १८७९ मध्ये एडविन हॉल यांच्या प्रयोगात दिसले. काचेवर बसवलेला सोन्याचा वर्ख चुंबकाच्या ध्रुवांमध्ये धरून त्यांनी त्यातून प्रवाह सोडला, तेव्हा प्रवाहाला आडवा असा क्षीण विद्युतदाब मोजता आला. प्रवाह तोच ठेवला तर हा दाब जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाड पट्टीत तो हाती लागणे कठीण होते.

त्यानंतरची खरी झेप शंभराहून अधिक वर्षांनी आली, आणि ती नव्या धातूमुळे नव्हे, तर जुनेच धातू अणूंच्या हिशेबाने रचता येऊ लागल्यामुळे. अतिनिर्वात कक्षात लोखंड आणि क्रोमियमचे थर आलटून पालटून चढवले, तर क्रोमियमच्या ठरावीक जाडीला शेजारच्या लोखंडी थरांची चुंबकत्वे आपोआप परस्परविरुद्ध होतात. प्रत्येक इलेक्ट्रॉनला ‘स्पिन’ हा अंगभूत चुंबकीय गुण असतो आणि त्याच्या दिशा दोनच. अशा स्थितीत कोणत्याही स्पिनच्या इलेक्ट्रॉनला एका ना एका थरात अडथळा होतोच. बाह्य क्षेत्राने सर्व थर एका दिशेला वळले, की एका स्पिनच्या इलेक्ट्रॉनांना वाट मोकळी होते आणि रोध घसरतो. १८५६ चा बदल किरकोळ होता. १९८८ मध्ये आल्बेर फेर यांच्या गटाने, क्रोमियमचा थर अवघा ०.९ नॅनोमीटर असताना, ४.२ केल्व्हिनला (सुमारे उणे २६९ अंश सेल्सिअस) रोध जवळजवळ निम्म्यावर आलेला पाहिला. पीटर ग्रुनबर्ग यांनीही स्वतंत्रपणे हाच परिणाम शोधला. दोघांना २००७ चे नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९७ मध्ये, आयबीएमने या तत्त्वावरचे रीड हेड (डिस्कवरची चुंबकीय माहिती वाचणारा भाग) हार्ड डिस्कमध्ये आणले होते.

मधला धातू काढून विद्युतरोधक थर घातला, तर इलेक्ट्रॉन तो बोगद्यासारखा पार करतात, आणि रोध पुन्हा दोन्ही बाजूंच्या थरांच्या चुंबकत्वाच्या दिशांवर ठरतो. मिशेल ज्युलिएर यांनी १९७५ मध्ये अतिशीत तापमानाला हे दाखवले, पण खोलीच्या तापमानाला रोधात मोठा बदल मिळायला १९९५ उजाडले. २००४ मध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडच्या थराने तो सुमारे २०० टक्क्यांवर नेला.

अवघ्या काही अणूंच्या जाडीचा एकच थर उरला तर चुंबकत्व टिकेल का, हा प्रश्न निराळा. १९६६ च्या मर्मिन-वॅग्नर प्रमेयानुसार, चुंबकत्वाच्या दिशेची कोणतीही पसंती नसलेल्या द्विमितीय चुंबकात शून्याहून अधिक तापमानाला ते टिकत नाही. क्रोमियम ट्रायआयोडाइड या क्रोमियम-आयोडीनच्या संयुगाला मात्र दिशेची पसंती असते, आणि २०१७ मध्ये त्याच्या एकाच थरात सुमारे ४५ केल्व्हिनपर्यंत चुंबकत्व आढळले. पुढच्याच वर्षी त्याच्या चार थरांतून बोगदा-रोधात १९,००० टक्के बदल मोजला गेला, अर्थात अतिशीत तापमानाला; शिवाय हा पदार्थ हवेतील ओलाव्याने खराब होतो.

टक्केवारी डोळे दिपवणारी असली, तरी सेन्सरची संवेदनशीलता केवळ तिच्यावर ठरत नाही. चुंबकीय थराचे आकारमान जितके कमी, तितके उष्णतेने त्याचे चुंबकत्व अधिक डळमळते आणि हा गोंगाट क्षीण संकेत झाकून टाकतो.