पडेल किंवा पडणार नाही, म्हणून निम्मं-निम्मं?

सोलापुरात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सातवीच्या वर्गाला विचारावं, "उद्या पाऊस पडायची शक्यता किती?" एखादा हात लगेच वर होतो. "सर, पन्नास टक्के. पडंल, न्हाय तर न्हाय पडणार. दोनच की वो." वर्गाला हे पटतं. फळ्यावर मांडलं तरी बरोबर दिसतं: शक्यता दोन, त्यांतली आपल्याला हवी ती एक, म्हणून एक भागिले दोन.

गंमत अशी की हा मुलगा घरी तसा वागत नाही. आभाळ भरून आलं म्हणून आईनं दोरीवरचे कपडे काढायला सांगितलं, तर "कुठं येतोय पाऊस" म्हणत तो मैदानाकडे पळतो. पर्जन्यछायेतल्या गावात वाढलेल्या पोराला नुसते ढग आणि पाऊस यांतला फरक शिकवावा लागत नाही. शक्यतेचा अंदाज त्याच्याकडे आहे आणि बऱ्यापैकी चांगला आहे. वही उघडली की मात्र तो अंदाज बाजूला पडतो आणि 'दोनच की वो' पुढं येतं.

यावर व्याख्या सांगून उपयोग होत नाही, मोजायला लावावं लागतं. जून ते सप्टेंबर मिळून १२२ दिवस. हवामान खात्याच्या लेखी ज्या दिवशी २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस होतो तो पावसाचा दिवस. सोलापुरात असे दिवस ऐन पावसाळ्यातसुद्धा निम्म्याच्या जवळपास जात नाहीत. वर्गाच्या भिंतीवर कॅलेंडर टांगून रोज एकानं ठिपका द्यायचा, शाळेच्या आवारात पाऊस झाला तर निळा आणि नाही झाला तर पिवळा. पर्जन्यमापक नसला तरी चालतं. ऑगस्ट संपेपर्यंत पिवळ्या ठिपक्यांची संख्या बघून मुलंच म्हणू लागतात की शक्यता दोन असल्या तरी दोघींचं वजन सारखं नाही.

माझ्या मते संभाव्यतेतली पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच. आपल्याकडे तीच गाळली जाते. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत संभाव्यतेचा स्वतंत्र धडा दहावीच्या गणित भाग १ मध्ये येतो. यादृच्छिक प्रयोग, निष्पत्ती, नमुना अवकाश अशी शब्दांची रांग लागते आणि मग सूत्र: अनुकूल निष्पत्ती भागिले एकूण निष्पत्ती. निष्पत्ती समसंभाव्य हव्यात, म्हणजे प्रत्येक निकाल घडायची शक्यता सारखी हवी, ही अट पुस्तकात असते, पण परीक्षेत तिच्यावर प्रश्न येत नाही, त्यामुळे ती वाचून पुढं जायची असते. ज्या अटीवर सगळं सूत्र उभं आहे तीच मुलांच्या लक्षात राहत नाही. सहावी-सातवीत सूत्राचं नावही न काढता ही अट हाताळायला दिली, तर दहावीचा धडा दोन दिवसांत होतो.

मुलांना हसायचं कारण नाही. द'अलाँबेर हा अठराव्या शतकातला नावाजलेला फ्रेंच गणिती. 'एखादं नाणं दोनदा उडवलं तर निदान एकदा छापा पडायची शक्यता किती?' या प्रश्नावर त्यानं १७५४ साली फ्रेंच ज्ञानकोशातल्या नोंदीत असा विचार मांडला: पहिल्यांदाच छापा पडला तर खेळ संपला, पहिल्यांदा काटा, मग छापा, किंवा दोन्ही वेळा काटा. एकूण तीन प्रकार, त्यांतले दोन आपल्या बाजूचे, म्हणून दोन-तृतीयांश. खरं उत्तर तीन-चतुर्थांश. पहिल्या फेकीतच छापा पडणं हे निम्म्या वेळा घडतं, बाकीचे दोन प्रकार प्रत्येकी पाव वेळा. सोलापूरच्या सातवीची आणि द'अलाँबेरची चूक एकाच जातीची आहे.

वर्गात याचा सोपा अवतार म्हणजे दोन नाणी एकदम उडवणं. पैज लावायला सांगा: दोन्ही छापे, दोन्ही काटे, की एक-एक? बहुतेक मुलं तिघांना सारखा मान देतात. मग जोड्या पाडून प्रत्येक जोडीला एक रुपयाचं आणि एक पाच रुपयांचं नाणं द्यावं. नाणी वेगळी असणं इथं फार कामाचं आहे. दोन्ही रुपयाची असली तर 'एक-एक' हा एकच प्रकार दिसतो. रुपयाला छापा आणि पाचाला काटा, किंवा रुपयाला काटा आणि पाचाला छापा, असं वहीत दोन रकान्यांत लिहावं लागलं की न बोलता उलगडा होतो. सगळ्या जोड्यांची बेरीज फळ्यावर घेतली की एक-एकचा वाटा निम्म्याच्या आसपास येतो आणि दोन्ही छाप्यांचा पावाच्या आसपास. 'असं कसं?' हा प्रश्न वर्गातून येईपर्यंत गुरुजींनी गप्प राहावं. ते फार अवघड जातं हे खरं.

नाण्यानंतर पुस्तकं फासा काढतात. मी कवड्या काढायला सांगेन. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांत अष्टाचम्मा खेळतात, कानडी घरांत चौकाबारा म्हणतात. खेळ तोच: चार कवड्या खुळखुळवून टाकायच्या आणि तोंड वर असलेल्या मोजायच्या. चारही तोंडं वर आली तर चार घरं, चारही पालथ्या पडल्या तर आठ. कवड्या नसतील तर चिंचोके दगडावर घासून एका अंगानं पांढरे करायचे.

कवडीचा मोठा गुण म्हणजे ती वाकडी आहे. नाण्याकडे आणि फाशाकडे बघून 'सगळ्या बाजू सारख्या' असं म्हणता येतं. कवडीची एक बाजू फुगीर, दुसरी चपटी आणि फटीची. ती किती वेळा तोंड वर करून पडेल हे कोणत्याही सूत्रातून निघत नाही, टाकूनच बघावं लागतं. एकच कवडी वर्गभर फिरवावी. प्रत्येकानं ती वीस वेळा टाकून आकडा फळ्यावरच्या बेरजेत मिळवावा. पहिल्या चार-पाच मुलांपर्यंत टक्केवारी वर-खाली नाचते, मग हळूहळू एका जागी रेंगाळू लागते. ती जागा म्हणजे त्या कवडीची संभाव्यता. एखादी चुणचुणीत मुलगी विचारते, "प्रत्येकीला वेगळी कवडी दिली असती तर?" तर बेरीज करण्यात अर्थ उरला नसता, कारण प्रत्येक कवडीचं वळण निराळं. चिंचोक्यांचं तर फारच, कोण किती घासतो त्यावर सगळं. ज्या घरात हा खेळ मुरलेला आहे तिथल्या पोरांना कुठला चिंचोका 'देतो' हे माहीत असतंच.

आता आठवीला हिशोब करू द्यावा. चार कवड्या पडायचे प्रकार १६. सगळ्या तोंड वर असा प्रकार एक, सगळ्या पालथ्या असाही एकच. कवडीच्या दोन्ही बाजू समान असत्या तर चार आणि आठ सारख्याच वेळा पडले असते. पण समजा आपली प्रत्येक कवडी दहात चार वेळाच तोंड वर करते. मग चारही तोंडं वर यायची संभाव्यता ०.४ चार वेळा गुणून ०.०२५६, आणि चारही पालथ्या पडायची ०.६ चार वेळा गुणून ०.१२९६. हजार डावांत पहिला प्रकार २६ वेळा, दुसरा १३०. एका कवडीतला थोडा कल चौघी मिळून पाचपट करतात. हे हातानं गुणून बघितल्यावर मुलं ज्या नजरेनं कवडीकडे बघतात ती बघण्यासारखी असते.

दुसरा हट्टी समज म्हणजे 'चार छापे लागोपाठ पडले, आता काटा पडणारच'. यावर एक गमतीचा प्रयोग करता येतो. निम्म्या वर्गानं नाणं खरोखर १०० वेळा उडवून निकाल लिहायचा, उरलेल्यांनी नाणं न उडवता मनानं लिहायचा. वह्या गोळा करून शिक्षक खऱ्या-खोट्या ओळखतो आणि बहुतेक वेळा बरोबर ओळखतो. खऱ्या १०० फेकींत कुठं ना कुठं एकसारखं पाच वेळा किंवा जास्त पडण्याची संभाव्यता ९७ टक्के आहे. मनानं लिहिणाऱ्याचा हात तीन छाप्यांनंतर थबकतो आणि काटा लिहितो.

'शेवटी निम्मं-निम्मं होतं, म्हणजे नाणं मागची बाकी फेडतंच की' असं कुणी म्हणालं, तर जॉन केरिचचे आकडे समोर ठेवावेत. हा गणिती दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकला आणि तिथं त्यानं नाणं १०,००० वेळा उडवून नोंदी ठेवल्या. पहिल्या १०० फेकींत छापे ४४, निम्म्यापेक्षा ६ कमी. १०,००० अखेर छापे ५,०६७, निम्म्यापेक्षा ६७ जास्त. फरक वाढला! पण १०० मधले ६ म्हणजे ६ टक्के, १०,००० मधले ६७ म्हणजे पाऊण टक्काही नाही. नाणं काही फेडत नाही. पुढच्या फेकींचा ढीग एवढा होतो की मागचा फरक त्यात बुडून जातो. टक्केवारी नुकतीच शिकलेल्या सहावीला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

शाळेत कवड्या-फासे बघून काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडतात. जुगाराची भीती असेल तर उलट हिशोबच शिकवावा. शून्य ते नऊ असे दहा आकडे आहेत आणि लागलेल्या आकड्याला नऊपट मिळतात असं समजू. दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावला तर दहा रुपये जाऊन नऊ परत येतात, हमखास. पाचवीचं पोरगंही हे करू शकतं. 'कालचा आकडा आज येणार नाही' म्हणणाऱ्या काकांना काय सांगायचं, तेही त्याला वरच्या वह्यांच्या प्रयोगातून कळलेलं असतं.

आणि पुन्हा पाऊस. अंदाजात 'तुरळक ठिकाणी' असं येतं त्याला मोजमाप आहे: त्या भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. अक्कलकोटला पडला आणि सोलापूर कोरडं राहिलं, तर लोक हवामान खात्याला नावं ठेवतात, पण त्या शब्दानं याहून जास्त कबूल केलेलंच नसतं.

याच जिल्ह्याच्या आकाशात संभाव्यतेचा एक मोठा प्रयोगही झाला, आणि तो इथल्या मुलांना सांगितलाच पाहिजे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात विमानातून ढगांमध्ये कॅल्शियम क्लोराइडची नळकांडी जाळली. त्या क्षाराचे कण पाणी ओढून घेतात आणि मोठे थेंब तयार व्हायला मदत करतात. पण अडचण अशी की चांगला ढग आपला आपणही बरसतो. वैमानिकानं भरदार ढग निवडून नळकांडं पेटवलं आणि पाऊस पडला, तर श्रेय कुणाचं? म्हणून योग्य ढग सापडल्यावर त्यात नळकांडं जाळायचं की नाही हे माणसानं न ठरवता यादृच्छिक पद्धतीनं, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखं, ठरवलं गेलं. मग दोन्ही गटांतल्या ढगांच्या पावसाची तुलना झाली. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पाऊस सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढला.

वर्गात हे सांगितलं की प्रश्न ठरलेला असतो: "ढग एकदम भारी असला आन् चिठ्ठीत 'नको' निघालं तर?" तर नळकांडं पेटवायचं नाही, आणि त्या ढगाचा पाऊस मात्र तेवढ्याच काटेकोरपणे मोजायचा. 'हो' निघालेल्या गटातही तसेच भारी ढग आहेत हे चिठ्ठीमुळेच धरून चालता येतं, आणि १८ टक्के वाढ कशाच्या तुलनेत हे या 'नको'वाल्या ढगांवरूनच सांगता येतं.