नौदल दिन आणि विजय दिवस: एका युद्धाच्या दोन तारखा

देवगड तालुक्यातल्या आमच्या भागात गेल्या डिसेंबरात एका शाळेच्या दर्शनी फळ्यावर रंगीत खडूंनी युद्धनौका काढलेली होती. वर ठळक अक्षरांत ‘४ डिसेंबर – विजय दिवस’ असे लिहिलेले होते आणि नौकेखाली एकच ओळ होती: ‘आजच्या दिवशी ढाका येथे पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली.’ चित्र सुरेख होते. नौकेवरच्या झेंड्यातला अष्टकोनसुद्धा मुलांनी विसरला नव्हता. चूक एवढीच होती की चित्र आणि तारीख एका दिवसाची होती, तर मथळा आणि खालची ओळ दुसऱ्या दिवसाची. ही चूक केवळ मुलांची आहे असेही नाही. डिसेंबर उजाडला की मोबाइलवर फिरणाऱ्या शुभेच्छांत आणि कार्यक्रमांच्या पत्रिकांत हे दोन दिवस इतक्या सहज एकमेकांच्या जागी वापरले जातात, की ज्यांच्या घरात कोणी ना कोणी नेव्हीत आहे किंवा होते, अशा किनाऱ्यावरच्या माणसांनाही ते खटकेनासे झाले आहे.

गोंधळ होण्यासारखी परिस्थिती आहे, हे मान्य करायला हवे. दोन्ही दिवस डिसेंबरातले, दोन्ही १९७१ च्या भारत-पाक युद्धातले आणि दोहोंत अंतर अवघ्या बारा दिवसांचे. परंतु ४ डिसेंबरचा नौदल दिन हा युद्धाच्या आरंभी, पश्चिमेला, अरबी समुद्रात घातलेल्या एका घावाचा दिवस आहे, आणि १६ डिसेंबरचा विजय दिवस हा पूर्वेला, ढाक्यात, शत्रूच्या पूर्वेकडच्या संपूर्ण सैन्याने शस्त्रे खाली ठेवल्याचा दिवस आहे. पहिला एका दलाचा, दुसरा तिन्ही दलांचा आणि देशाचा. ४ डिसेंबरच्या रात्री भारताने युद्ध जिंकलेले नव्हते. ते पुढे कसे वळेल हे त्या रात्री कोणालाही ठाऊक नव्हते.

आधी ती रात्र पाहू. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर, आग्रा अशा ठिकाणच्या भारतीय विमानतळांवर हल्ले केले आणि युद्धाला उघड तोंड फुटले. नौदलाने कराची बंदरावर चालून जाण्याची योजना आधीपासून आखून ठेवली होती. तिला ‘ऑपरेशन ट्रायडंट’, म्हणजे त्रिशूळ, असे नाव होते. नौदलप्रमुख ॲडमिरल एस. एम. नंदा यांचे लहानपण कराचीलगतच्या मनोरा बेटावर गेले होते आणि नौदलात येण्यापूर्वी त्यांनी तिथल्या बंदरात नोकरीही केली होती, त्यामुळे ते बंदर त्यांना नकाशाबाहेरही माहीत होते. या कामासाठी निवडलेल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र नौका रशियन बनावटीच्या, आकाराने लहान आणि अतिशय वेगवान होत्या. पण त्या मुळात आपल्याच किनाऱ्याच्या रक्षणासाठी बांधलेल्या असल्यामुळे त्यांचा पल्ला मर्यादित होता. अशा नौका शेकडो मैल दूरच्या शत्रूच्या मुख्य बंदरावर घेऊन जायचे, हाच या योजनेतला खरा धाडसाचा भाग होता. कमांडर बब्रुभान यादव त्यांचे नेतृत्व करत होते आणि सोबतीला किलतान व कच्छल या दोन मोठ्या युद्धनौका होत्या. किलतान आणि कच्छल ज्या वर्गातल्या नौका, त्या वर्गाचे नाव ‘अर्नाळा’. विरारजवळच्या आपल्या उत्तर कोकणातल्या जलदुर्गावरून ठेवलेले हे नाव कराचीच्या मोहिमेतही अशा आडवाटेने का होईना हजर होते, याची आठवण फारशी कोणी काढत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितले.

४ डिसेंबरच्या रात्री अकराच्या सुमारास निर्घातच्या क्षेपणास्त्रांनी ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका बुडवली. वीरने ‘मुहाफिज’ ही सुरुंग काढणारी नौका बुडवली. निपातने दारूगोळा घेऊन येणारे ‘व्हीनस चॅलेंजर’ हे जहाज टिपले, ‘शाहजहान’ या विनाशिकेला निकामी केले आणि शेवटी एक क्षेपणास्त्र कराची बंदरातल्या केमाडीच्या तेलसाठ्याच्या दिशेने सोडले. भारताची एकही नौका किंवा एकही माणूस त्या रात्री गमावला गेला नाही. या तुकडीला ‘किलर स्क्वाड्रन’ हे नाव पडले ते या मोहिमेमुळे आणि यादव यांना महावीरचक्र मिळाले तेही याच मोहिमेसाठी.

इथे गोंधळाची आणखी एक गाठ आहे. कराचीवर नौदलाने एकदा नव्हे, दोनदा हल्ला केला. दुसरा हल्ला, ‘ऑपरेशन पायथन’, ८ डिसेंबरच्या रात्री झाला. त्यात विनाश ही एकच क्षेपणास्त्र नौका होती आणि तिच्यासोबत तलवार व त्रिशूल या फ्रिगेट. तेलाच्या टाक्यांना लागलेल्या प्रचंड आगीचे जे वर्णन लोक सांगतात, ते मुख्यतः या दुसऱ्या रात्रीचे आहे. त्याच हल्ल्यात पाकिस्तानी नौदलाच्या एका तेलवाहू जहाजालाही क्षेपणास्त्र लागले, आणि त्या जहाजाचे नाव होते ‘ढाका’. कराचीच्या समुद्रातले हे ‘ढाका’ आणि शरणागतीचे ढाका शहर यांची सरमिसळ मी एका भाषणात स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

आता १६ डिसेंबर. त्या दिवशी, गुरुवारी, दुपारी ४ वाजून ३१ मिनिटांनी ढाक्याच्या रमणा रेसकोर्स मैदानावर मांडलेल्या एका साध्या टेबलाशी पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजांचे प्रमुख लेफ्टनंट जनरल ए. ए. के. नियाझी यांनी शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली आणि ती स्वीकारली भारताच्या ईस्टर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल जगजितसिंग अरोरा यांनी. दस्तऐवजात अरोरा यांचा उल्लेख पूर्व आघाडीवरच्या भारत आणि बांगलादेश या दोन्ही फौजांचे प्रमुख म्हणून आहे, ही बाब महत्त्वाची. कारण तो विजय बांगलादेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या मुक्तिवाहिनीचाही होता आणि म्हणूनच १६ डिसेंबर हा बांगलादेशाचाही ‘बिजय दिबस’ असतो. सुमारे ९३,००० जण युद्धबंदी झाले. त्या प्रसिद्ध छायाचित्रात मागे उभ्या असलेल्यांमध्ये पांढऱ्या गणवेशातले, नौदलाच्या ईस्टर्न कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन आहेत. आय.एन.एस. विक्रांतवरच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव यांवर हल्ले चढवले आणि बंगालच्या उपसागरातून पूर्व पाकिस्तानात येण्याची किंवा तिथून निसटण्याची वाट नौदलाने बंद केली, म्हणून कृष्णन त्या टेबलामागे होते. तेव्हा विजय दिवसात नौदल नाही असे मुळीच नाही. नौदल दिनात मात्र ढाका नाही.

आमच्या वाडीत १९७१ साली पश्चिम ताफ्यात खलाशी असलेले एक काका आहेत. फळ्याची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा त्यांनी कपाटातला पत्र्याचा डबा काढला, एक पदक माझ्या तळहातावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘ह्यां बघ. ह्यां पश्चिमी स्टार. ढाक्याक मी कदी गेलंय?’’ इतक्या लांबलचक लेखात मी जे सांगू पाहतो आहे, ते त्या पदकात आधीच सांगितलेले आहे. १९७१ च्या युद्धासाठी सरकारने दोन वेगळी पदके काढली: पूर्वेकडच्या मोहिमेसाठी ‘पूर्वी स्टार’ आणि पश्चिमेकडच्या मोहिमेसाठी ‘पश्चिमी स्टार’. एकच युद्ध, पण ज्याने ते जिथे लढले त्याच्या छातीवर तिथली खूण.

हे दोन दिवस मुळात कशासाठी ठरवले गेले, यातही फरक आहे. लष्कर दिन १५ जानेवारीला असतो, कारण १९४९ साली त्या दिवशी करिअप्पा पहिले भारतीय सरसेनापती झाले. हवाई दल दिन ८ ऑक्टोबरला असतो, कारण १९३२ साली त्या दिवशी हवाई दलाची स्थापना झाली. नौदलाने मात्र आपला दिवस स्थापनेवरून न निवडता एका लढाईवरून निवडला. तोही आरंभापासून नव्हे. ब्रिटिश अमदानीत १९४४ साली पहिला नौदल दिन २१ ऑक्टोबरला, म्हणजे इंग्रजांच्या ट्रफाल्गरच्या विजयाच्या दिवशी साजरा झाला. पुढे तो १ डिसेंबरला आणि नंतर १५ डिसेंबरला होऊ लागला. १९७२ मध्ये नौदलाच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या परिषदेत तो ४ डिसेंबरला आणण्याचे ठरले. म्हणजे या तारखेचे वय खुद्द नौदलापेक्षा बरेच कमी आहे. विजय दिवसाला असा शोध घ्यावा लागला नाही. घटना इतकी ठसठशीत होती की तारीख तिच्याबरोबरच आली.

साजरे करण्याच्या रीतीवरूनही दोन्ही दिवस ओळखता येतात. विजय दिवसाचा मुख्य भाग म्हणजे हुतात्म्यांच्या स्मारकावर पुष्पचक्र. दिल्लीत राष्ट्रीय युद्धस्मारकावर आणि कोलकात्यात ईस्टर्न कमांडच्या मुख्यालयात, जिथे बांगलादेशातून आलेले मुक्तियोद्धेही सहभागी होत आले आहेत. नौदल दिनाचे स्वरूप प्रात्यक्षिकांचे असते, आणि ती पाहायला गर्दी होते. मुंबईतला चाकरमानी गेटवे ऑफ इंडियासमोरचा सोहळा पाहत आला आहे. २०२३ साली हा दिवस आमच्याच जिल्ह्यात आला. मालवणला, शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेल्या सिंधुदुर्गाच्या साक्षीने, तारकर्लीच्या किनाऱ्यावरून लोकांनी युद्धनौका आणि लढाऊ विमानांची प्रात्यक्षिके पाहिली. त्याच्या आदल्या वर्षी, २०२२ मध्ये, नौदलाच्या नव्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला होता. त्यामुळे आमच्याकडच्या मुलांच्या मनात नौदल दिन म्हणजे शिवरायांचे आरमार, आणि आरमार म्हणजे विजय, अशी साखळी तयार झाली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. आरमाराचा वारसा खरा आहे. पण ४ डिसेंबर ही तारीख त्या वारशातून नव्हे, कराचीतून आलेली आहे.

विजय दिवसाचाही एक धागा आमच्या तालुक्यात येऊन पोहोचला आहे. ईस्टर्न कमांडचे मुख्यालय ज्या फोर्ट विल्यममध्ये आहे, त्याचे नाव अलीकडे ‘विजय दुर्ग’ असे करण्यात आले, आणि ते वाघोटनच्या खाडीच्या मुखावरच्या आमच्या विजयदुर्गावरून घेतलेले आहे. यात इतिहासाची एक गंमत आहे. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्गावर हल्ला करून आंग्र्यांचे आरमार जाळले आणि पुढच्याच वर्षी प्लासी जिंकून क्लाइव्हने कोलकात्यात नवा फोर्ट विल्यम बांधायला घेतला. त्याने ज्या किल्ल्यावर तोफा डागल्या, त्याचेच नाव आज त्याने उभारलेल्या किल्ल्याला मिळाले आहे.

‘विजय’ या शब्दानेच पुष्कळ घोळ केला आहे, हे मात्र खरे. २६ जुलैचा ‘कारगिल विजय दिवस’ १९९९ च्या युद्धाचा आहे. त्या मोहिमेचे नाव ‘ऑपरेशन विजय’. १९६१ मध्ये गोवा मुक्त करणाऱ्या मोहिमेचे नावही ‘ऑपरेशन विजय’च होते, आणि तिचा दिवस १९ डिसेंबर, म्हणजे विजय दिवसानंतर बरोबर तिसरा. बांदा-सावंतवाडीकडच्या माणसाला १६ आणि १९ यांतली गल्लत अधिक जवळची वाटेल. ७ डिसेंबरचा ध्वजदिन तर या कोणत्याच युद्धाचा नाही. तो १९४९ पासून सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करण्याचा दिवस आहे.

या बारा दिवसांच्या मध्ये एक तारीख अशी आहे, की जिच्यामुळे दोन्ही दिवस एकच मानणे मला अधिक खटकते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळच्या समुद्रात ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने आय.एन.एस. खुखरी बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला नौका सोडून गेले नाहीत. कराचीच्या यशाला पाच दिवसही पुरते झाले नव्हते आणि ढाक्याच्या शरणागतीला आठवडा होता. ४ डिसेंबरलाच युद्ध जिंकले असे लिहिले, की खुखरीला त्या वाक्यात जागाच उरत नाही. इतकेच काय, १६ डिसेंबरलाही युद्ध सगळीकडे थांबले नव्हते. पश्चिम आघाडीवर शस्त्रसंधी लागू झाली ती १७ डिसेंबरला रात्री ८ वाजता.

फळ्याबद्दल मी शाळेत जाऊन सांगितले. शिक्षकांनी बोलणे शांतपणे ऐकून घेतले, डस्टर उचलले, आणि मथळ्यातले ‘विजय दिवस’ पुसून ‘नौदल दिन’ लिहिले. खालची ओळ पुसण्यापूर्वी एका मुलीने ती वहीत उतरवून घेतली आणि विचारले, ‘‘सर, ही सोळा तारखेला लिहायची ना?’’