पदकजोड

पदकजोड म्हणजे दोन किंवा अधिक सुटी पदके एकाच साखळीत, पोतीत किंवा गोफात बसवून गळ्यातला नवा दागिना करणे. रीत जुनीच आहे. मंगळसूत्रातल्या दोन वाट्या, एक माहेरची नि एक सासरची, ही मराठी घरातली सर्वांत ओळखीची पदकजोड म्हणता येईल. हल्ली नागपुरात जोडायला येतो तो माल मात्र पंचमेळ असतो : तुटलेल्या टिकेचे (गळ्यालगत बसणाऱ्या दागिन्याचे) मधले पान, आजीच्या पुतळ्यांपैकी उरलेल्या दोन, चांदीचा ताईत, जोडीदार हरवलेल्या कानातल्याचा लोलक. काम दोन हातांतून जाते. धातूचा जोड सोनाराचा, ओवणे-गाठणे पटवेकऱ्याचे. इतवारीच्या सराफ्यात दोन्ही कामे होतात. खोट्या दागिन्यांच्या कड्या, फासे (साखळी अडकवायचे हूक), साखळ्या सीताबर्डीत सुट्याही मिळतात.

मांडणी

पदके आधी एकेक तोलून घ्यावीत. सर्वांत जड ते मध्ये. साखळीपेक्षा पदकांचे एकूण वजन जास्त भरत असेल तर साखळी बदलावी, पदके कमी करत बसू नये. नाजूक साखळी आधी फाशाजवळ तुटते. मोकळी ओवलेली पदके गळ्यात पडताच मधोमध घसरतात आणि एकावर एक चढतात. म्हणून त्यांच्या दोन्ही बाजूंना घट्ट मणी किंवा गाठ देतात, नाहीतर साखळी तिथे कापून दोन्ही टोके पदकाच्या कडीत अडकवतात. अंतराचा हिशेब सोपा आहे : दोन शेजारी पदकांच्या रुंदीचे निम्मे-निम्मे आणि वर अर्धा सेंमी. ३ सेंमी नि २ सेंमी रुंद पदकांच्या मध्यांत त्यामुळे ३ सेंमी अंतर येते. याहून कमी ठेवले तर कडा एकमेकींवर घासतात. १८ इंची (सुमारे ४५ सेंमी) साखळीत बाजूचे पदक मध्यापासून फार दूर नेले की ते गळ्याच्या हाडावर चढून तिरपे होते. पदके वेगवेगळ्या सरांत घालायची असतील तर दोन सरांच्या लांबीत किमान २ इंचांचा फरक असावा.

जोड

हार बिघडतो तो बहुधा कडीपाशी. कडीत कडी अडकली की दिशा ९० अंशांत फिरते, हे विसरल्यामुळेच पदके आडवी पाहतात. पदकाच्या माथ्याची कडी समोरून गोल दिसत असेल तर तिच्यात एकच जोडकडी (तोंड उघडता येणारी सुटी कडी) घालावी. साखळी त्या जोडकडीतून सरळ जाते. माथ्याला नळी असेल तर जोडकडी नकोच. एका पदकाखाली दुसरे टांगताना दोन्ही कड्या समोरून गोल असतील तर मध्ये एक जोडकडी पुरते. घाईत दोन घातल्या की खालचे पदक कुशीवर वळते. पसरट पदकाला माथ्यावर एकच कडी असेल तर ते चालताना उलटे होते. त्याला दोन टोकांना दोन कड्या लावून घ्याव्यात.

जोडकडी साधारणपणे ०.८ मिमी (२० गेज) तारेची, आतून ४ मिमी. जड पदकाला १ मिमी (१८ गेज) तार घेऊन तोंड झाळून (आचेवर धातू वितळवून सांधून) घ्यावे. कडी उघडताना दोन पकडींनी एक टोक पुढे नि दुसरे मागे असे वळवावे. बाजूला ताणून उघडलेली कडी पुन्हा गोल होत नाही आणि तिच्या फटीतून ओढणीचे सूत आत शिरते. बंद केल्यावर फटीवरून दोरा ओढून पाहावा : अडकला तर ती कडी पुन्हा दाबायची.

झाळ सगळीकडे चालत नाही. आतून लाख भरलेले मणी व पदके आचेजवळ गेली की लाख वितळून बाहेर येते नि पत्रा पोचतो. मोती, पोवळे, फिरोजा आणि मीनाकाम यांनाही ज्योत सोसत नाही. अशा पदकांना झाळलेली कडी लावायचा हट्ट धरू नये, दुहेरी वळणाची, किल्ल्यांच्या कडीसारखी कडी बरी.

ओवताना रेशीम किंवा नायलॉनचा दोरा मेणातून ओढून घेतात. दोरा पदकांचे वजन लावून रात्रभर टांगून ठेवला तर हार पुढे लांबत नाही. ही पायरी गाळल्यास गाठींमधली जागा लवकरच मोकळी दिसू लागते. नागपूरच्या मे महिन्यात घामाने आधी रेशमी दोराच कुजतो आणि चांदी काळी पडते, म्हणून उन्हाळ्यात हार काढल्यावर कोरड्या कापडाने पुसावा. मोती मऊ असल्याने त्यांच्या शेजारी धारदार कडेचे पदक नको. स्टीलच्या साखळीने सोन्याच्या पदकाची कडी झिजते, तेव्हा आठवड्याला कडीच्या आतल्या बाजूला चर पडला का ते पाहावे.

शुद्धता

२२ कॅरेट (९१६) आणि १८ कॅरेट (७५०) पदके झाळून एकजीव करू नयेत. मोडताना दोन्हींचे वजन वेगळे काढता येत नाही नि भाव खालच्याचा लागतो. जोडकडीने जोडलेली पदके मात्र सुटी करून तोलता येतात. हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक त्या त्या पदकापुरता असतो, जोडलेल्या हाराला तो लागू होत नाही. काम देताना प्रत्येक पदकाचे वजन पावतीवर वेगळे लिहून घ्यावे, आणि नव्या कड्यांचे वजनही.