एचपीव्हीचा क्रमांक: एकाच नमुन्याचे दोन अहवाल जुळत नाहीत तेव्हा

गर्भाशयमुखाच्या एकाच नमुन्याची दोन वेगवेगळ्या चाचणी-संचांनी तपासणी केली आणि एका अहवालात एचपीव्ही ५२ (गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागील विषाणूचा ५२ क्रमांकाचा प्रकार) आढळला, दुसऱ्यात आढळला नाही, तर दोहोंपैकी एक प्रयोगशाळा चुकली असे वाटणे स्वाभाविक आहे. पुष्कळदा मात्र दोन्हीकडे काम काटेकोर झालेले असते. हे दोन संच वेगळ्या हेतूने बांधलेले असतात, आणि तो हेतू अहवालाच्या कागदावर सहसा छापलेला नसतो.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचा, म्हणजेच एचपीव्हीचा, जनुकसंच म्हणजे सुमारे ८,००० बेसजोड्यांचे वर्तुळाकार डीएनए. कवचाचे मुख्य प्रथिन घडवणाऱ्या एल-१ जनुकाची रचना आधीच्या सर्व प्रकारांपेक्षा किमान १० टक्क्यांनी वेगळी भरली, तरच त्या विषाणूला नवा क्रमांक मिळतो. असे दोनशेहून अधिक क्रमांक आज नोंदलेले आहेत. त्यांपैकी बारा निःसंशय कर्करोगकारक मानले जातात, आणि जगभरातील गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांमागे केवळ १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात. हे दोन प्रकार हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाने १९८३-८४ मध्ये शोधले, ज्यासाठी त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढत नाही, आणि संसर्ग झालेल्या प्रत्येकीच्या रक्तात प्रतिपिंडे सापडतातच असेही नाही. म्हणून त्याचा प्रकार ओळखण्यासाठी त्याच्या डीएनएकडे किंवा आरएनएकडेच वळावे लागते.

क्रमांक मुळीच न सांगणारी एक चाचणी महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. ‘हायब्रिड कॅप्चर २’ या चाचणीत तेरा प्रकारांसाठीचे आरएनए प्रोब, म्हणजे विषाणूच्या डीएनएशी जुळणारे शोधक तुकडे, एकत्र मिसळलेले असतात. ते विषाणूच्या डीएनएला चिकटले की ही जोडी प्रतिपिंडांच्या साहाय्याने पकडली जाते आणि तिचे प्रमाण निघणाऱ्या प्रकाशावरून मोजले जाते. तेरांपैकी नेमका कोणता प्रकार आहे, हे तिला सांगता येत नाही, आणि कधीकधी कमी धोक्याचा एखादा प्रकारही तिच्या प्रोबना चिकटतो. तरीही उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांच्या अभ्यासात हीच चाचणी वापरली गेली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एचपीव्ही तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणीची सोय न केलेल्या गटात ६४. जीव वाचवण्यासाठी क्रमांक अपरिहार्य नसतो, हे यावरून दिसते.

पुढच्या पिढीतील पीसीआर चाचण्यांनी, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढून तो शोधणाऱ्या चाचण्यांनी, मधला मार्ग काढला. ‘कोबास’ ही चाचणी १६ आणि १८ स्वतंत्रपणे दाखवते व उरलेले बारा प्रकार एका गटात टाकते. यामागचा हिशेब सरळ आहे: १६ किंवा १८ आढळल्यास स्त्रीला थेट कॉल्पोस्कोपीकडे (भिंगातून गर्भाशयमुखाची तपासणी) पाठवायचे, इतरांपैकी काही आढळल्यास आधी पेशींची तपासणी करायची. शिवाय नमुन्यात मानवी पेशी पुरेशा आहेत की नाहीत, हेही ती पाहते. ‘हायब्रिड कॅप्चर २’मध्ये ही सोय नव्हती. गोव्यातील मोलबायो कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ या बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रासाठीची मूळ एचपीव्ही चाचणी १६, १८, ३१ आणि ४५ एवढेच चार प्रकार शोधते. अशा यंत्राचे ‘निगेटिव्ह’ आणि चौदा प्रकार तपासणाऱ्या यंत्राचे ‘निगेटिव्ह’ यांचा अर्थ एक नाही, हे अहवाल हाती घेताना ध्यानात असावे.

खरी गुंतागुंत सुरू होते ती प्रत्येक प्रकार वेगळा ओळखू पाहणाऱ्या चाचण्यांमध्ये. बहुतेक चाचण्यांत अनेक प्रकारांना सामाईक असे प्रायमर (प्रती काढण्याची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून एल-१ जनुकाचा एक तुकडा वाढवला जातो आणि मग पट्टीवरील प्रोबशी त्याची जुळणी पाहिली जाते. या तुकड्याची लांबी संचागणिक बदलते: एमवाय०९/११ प्रायमरचा सुमारे ४५० बेसजोड्यांचा, जीपी५+/६+ चा सुमारे १५०, तर एसपीएफ१० चा अवघा ६५. मेणात जतन केलेल्या जुन्या ऊतींमधील डीएनएचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे तेथे आखूड तुकडा शोधणारा संच सरस ठरतो. त्यातच एका स्त्रीला दोन-तीन प्रकारांचा संसर्ग असेल, तर भरपूर प्रमाणात असलेला प्रकार बहुतेक प्रायमर वापरून टाकतो आणि तुटपुंजा प्रकार झाकला जातो. ‘लिनिअर ॲरे’ या संचात आणखी एक अडचण होती: ५२ साठीचा प्रोब ३३, ३५ आणि ५८ यांच्याशीही जुळत असे. या तिघांपैकी एखादा नमुन्यात असला, की ५२ आहे की नाही, हे त्या पट्टीवरून ठरवणे अशक्य होई.

म्हणूनच तुलनेची मोजपट्टीही दुहेरी आहे. तपासणी मोहिमेसाठीची चाचणी कर्करोगपूर्व बदल किती अचूक हेरते, हे महत्त्वाचे. प्रस्थापित चाचणीच्या तुलनेत तिची संवेदनशीलता (असलेला बदल पकडण्याची क्षमता) किमान ९० टक्के आणि विशिष्टता (बदल नसलेल्यांना वगळण्याची क्षमता) किमान ९८ टक्के असावी, असा २००९ पासूनचा संकेत आहे. तिला अतिसंवेदनशील करणे उलट घातक, कारण आपोआप नाहीसे होणारे क्षुल्लक संसर्गही मग पकडले जातात आणि निरोगी स्त्रियांना निष्कारण कॉल्पोस्कोपीला सामोरे जावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा-जाळ्याने प्रकारनिश्चितीसाठी मात्र वेगळा निकष लावला: ५ मायक्रोलिटरमध्ये १६ किंवा १८ चे ५० आंतरराष्ट्रीय एकक एवढे अल्प प्रमाणही सापडले पाहिजे, आणि इतर प्रकार सोबत असतानाही सापडले पाहिजे.

या दुसऱ्या निकषाचा आग्रह लसीकरणानंतरच्या पाहणीत विशेष धरावा लागतो. पुण्यात तयार होणारी ‘सर्व्हाव्हॅक’ लस ६, ११, १६ आणि १८ या प्रकारांविरुद्ध आहे. लस घेतलेल्या मुलींमध्ये १६ घटला आणि त्याच वेळी ५२ वाढलेला दिसला, तर रिकामी झालेली जागा ५२ ने बळकावली, असा अर्थ कोणीही काढेल. पण तो ५२ आधीपासूनच तेथे असू शकतो. १६ ने त्याला झाकलेले होते, एवढेच. हा फरक ठरवायचा, तर लसीकरणाआधीचे साठवलेले नमुनेही प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र प्रायमर वापरणाऱ्या चाचणीने पुन्हा तपासावे लागतात.